मनगटावरचा कांदा

काकू,

मी ३६ वर्षांची. राहते कोपरखैरण्याला, नोकरी ठाण्यात वागळे इस्टेटला, अकाउंट्समध्ये. गेल्या पाडव्याला नवऱ्याने ओवाळणीत घड्याळ घातलं. मीच म्हणाले होते घड्याळ हवं म्हणून, कारण वेळ बघायला फोन काढते आणि वीस मिनिटं रील्समध्ये जातात. घड्याळ छान आहे, पण मोठ्ठं, चेनचं, डायल ४२ मिलिमीटर. चार दिवस घालते, पाचव्या दिवशी कपाटात जातं. दुकानदाराने पाच कड्या काढून दिल्या तरी हातावर फिरतं. टाइप करताना टेबलावर खडखडतं, ओढणीत अडकतं. कणीक मळताना काढलं की कुठे ठेवलं ते सापडत नाही. हल्ली मनगटाच्या मागे लाल चट्टा उठलाय, खाजतो. नकली कानातल्यांनी कान चिघळतो ना, तसंच काहीसं. सासूबाई विचारतात, घरात घड्याळ घालून कुठे जायचंय? ऑफिसात एकीने ‘नवीन घड्याळ वाटतं!’ म्हटल्यापासून मी हात टेबलाखालीच ठेवते. आणि कहर म्हणजे घड्याळ हातात असूनही वेळ बघायला फोनच काढते. नवऱ्याला वाईट वाटू नये म्हणून त्याच्यासमोर तेवढं घालते. बाकीच्या बायका रोज घालतात, मग मलाच सवय का होत नाही?

बांगडीवाली, कोपरखैरणे

बांगडीवाले,

अगं, सवय व्हायला आधी घड्याळ तुझ्या हाताचं असायला नको का? चावणारी चप्पल दोन दिवस घालून आपण सरळ दारामागे टाकतो, ‘माझ्या पायालाच सवय नाही’ म्हणून रडत बसत नाही. तू मात्र सहा महिने मनगटाला बोल लावते आहेस.

एक कर. घरात केकसाठी घेतलेला छोटा वजनकाटा असेल, त्यावर ते घड्याळ ठेव. एवढ्या आकाराचं स्टीलचं घड्याळ चेनसकट १५० ग्रॅमच्या आसपास भरतं. आता टोपलीतला एक मध्यम कांदा ठेवून बघ. साधारण तेवढाच भरेल. तो कांदा हाताला बांधून तू दिवसभर व्हाउचर टाइप करते आहेस. कॅसिओचं ते काळं चौकोनी प्लॅस्टिकचं घड्याळ असतं ना, एफ-९१डब्ल्यू, १९८९ पासून निघतंय, त्याचं वजन २१ ग्रॅम आहे. ते घालून माणसं झोपतात, उठतात, विसरून जातात. तू तेच घे असं मी म्हणत नाही, फरक कळावा म्हणून सांगितलं.

फिरतं का, तेही यातच आलं. सगळा भार डायलकडे, मनगट बारीक, त्यामुळे हात खाली सोडला की डायल घरंगळून करंगळीच्या बाजूला जाते. आणखी कड्या काढल्यास तर फिरायचं थांबेल आणि रुतायला लागेल. शिवणाचा दोरा मनगटाला गुंडाळ, जुळेल तिथे खूण कर, पट्टीवर मोज. बहुतेक चौदा ते सोळा सेंटिमीटर निघेल. आता घड्याळ हातावर ठेवून वरून बघ. पट्टा डायलला जिथे अडकतो ती वरची आणि खालची टोकं मनगटाच्या कडेबाहेर लोंबतात का? लोंबत असतील तर त्या घड्याळाशी तुझं जमणार नाही, कितीही प्रेमाने दिलेलं असो. गंमत बघ, एकेकाळी घराघरांत पुरुषांच्या हातात असलेलं एचएमटीचं जनता साधारण ३५ मिलिमीटरचं होतं. तेव्हाच्या धिप्पाड पोस्टमनलाही ते पुरायचं. ताटलीएवढ्या डायलची फॅशन अलीकडची.

आता चट्टा. तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचं उत्तर तू स्वतःच सहज लिहून गेलीस. नकली कानातल्यांनी कान चिघळतो म्हणालीस ना? ते बहुतेक निकेलचं काम. स्वस्त दागिन्यांत आणि घड्याळांत पितळेवर किंवा कसल्यातरी मिश्रधातूवर मुलामा देतात, त्यात निकेल असतं. मुलामा झिजला आणि घाम लागला की ते कातडीपर्यंत पोचतं. ज्यांना चालत नाही त्यांना खाज, लाली, पुढे पाण्याचे फोड. घड्याळ उलटं करून पाठीवरची बारीक अक्षरं वाच. नुसतं ‘स्टेनलेस स्टील’ असेल तर ठीक. पण ‘स्टेनलेस स्टील बॅक’ असं असेल तर त्याचा अर्थ तेवढंच, मागचं झाकण स्टीलचं. बाकीची डबी मुलाम्याची. दुकानात हे कुणी सांगत नाही, आणि आपण ‘स्टेनलेस’ एवढंच वाचून खूश होतो.

मी स्वतः यात फसले आहे म्हणून एवढं सांगते. बँकेत लागले तेव्हा पहिल्या पगारातून किल्लीचं एचएमटी घेतलं होतं, त्याने कधी त्रास दिला नाही. पुढे हौस म्हणून स्टेशनाबाहेर एकाकडून सोनेरी घड्याळ घेतलं. पहिला महिना झकास. मे महिन्यात मनगटावर बरोबर डायलएवढा गोल चट्टा, मध्ये कातडी ठीक, कडेला लाल रिंगण. काउंटरवर पैसे मोजताना लोक आधी नोटा बघायचे आणि मग माझा हात. मी महिनाभर गजकर्ण समजून मलम लावत होते.

म्हणून चट्ट्याचा आकार बघ. तो मागच्या झाकणाच्या नाहीतर कुलुपाच्या आकाराचा असेल तर धातूवर संशय घे. पट्टा जिथे जिथे टेकतो तिथे सगळीकडे कातडी पांढुरकी, ओलसर, बारीक पुरळ आलेली असेल तर तो अडकलेला घाम आणि साबण. भांडी घासून, हात धुऊन तू घड्याळ तसंच वर चढवत असणार, आणि आपल्याकडच्या दमट हवेत खाली ते वाळतच नाही. कधीकधी दोन्ही एकदम असतं. काहीही असो, चट्टा पूर्ण बरा होईपर्यंत त्या हाताला काही बांधू नकोस. मेडिकलवाल्याला हात दाखवून ट्यूब आणू नकोस, त्या ट्यूबांत बरेचदा स्टेरॉइड असतं, आठ दिवस बरं वाटतं आणि मग दुप्पट उसळतं. दोन आठवड्यांत गेलं नाही किंवा पाणी यायला लागलं तर कातडीच्या डॉक्टरकडे जा. ते पाठीवर छोट्या पट्ट्या लावून नेमकं काय चालत नाही ते शोधतात. झाकणाला रंगहीन नेलपॉलिश लावायची युक्ती तुला कुणीतरी सांगेलच. चालते, पण घामाने चार दिवसांत निघते. लग्नाला एक दिवस घालायचं असेल तर ठीक, रोजच्या वापराला काही खरं नाही.

आता त्या पाडव्याच्या घड्याळाचं काय करायचं? तुझी खरी अडचण ही आहे असं मला तुझ्या पत्रावरून वाटलं. माझं मत सरळ आहे. ते त्याच्या हातात घालून बघ. ४२ची डायल पुरुषाच्या हातावर शोभते, आणि आपल्याला आवडलं तेच त्याने तुझ्यासाठी घेतलं असणार, पुरुष बरेचदा तसंच करतात. आमच्या ह्यांनी मला नेमकं उलटं दिलं होतं. सुपारीएवढं सोनेरी घड्याळ, आकड्यांच्या जागी नुसते ठिपके. चाळिशी लागल्यावर त्यात किती वाजले हे बघायला मला दुसऱ्या घड्याळात बघावं लागायचं. मी ते वीस वर्षं फक्त लग्नकार्यात घातलं आणि हे दर वेळी विचारत राहिले, रोज का घालत नाहीस? एकदा बोलून टाकलं असतं तर काय बिघडलं असतं! तू वीस वर्षं थांबू नकोस. ‘आवडलं नाही’ म्हणायचं काही कारण नाही, कारण ते खरंही नाही. हात पुढे कर, चट्टा दाखव, ‘जड होतंय रे, आणि हे बघ काय झालंय’ एवढं म्हण. घड्याळापेक्षा तुझा हात त्याला महत्त्वाचा असेल, नसला तर मला वेगळं पत्र लिही. मग म्हण, हे तू घाल, आणि रविवारी माझ्यासोबत चल, मला माझं निवडू दे. वाशीला सतरा सेक्टरला जा किंवा ठाण्याला राम मारुती रोडला या. इकडे आलात तर तलावपाळीला एक चक्कर होईल, तो खूश.

घ्यायचं काय? डायल २८ ते ३२ मिलिमीटर, त्याहून बारीक नको. तू छत्तीसची आहेस, चाळिशी काही फार लांब नाही, तेव्हा पांढऱ्यावर काळे आकडे आणि जाडसर काटे बघ. सेलवर चालणारं घे, किल्लीच्या आणि ऑटोमॅटिकच्या, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप किल्ली बसणाऱ्या घड्याळांच्या वाट्याला आत्ता जाऊ नकोस. मला किल्लीचं आवडतं, सकाळच्या चहानंतर किल्ली द्यायची, तोच दिवसाचा पहिला हिशोब असायचा. पण एक दिवस विसरलं की दुसऱ्या दिवशी बंद पडलेलं घड्याळ हातात येतं, आणि तुझ्यासारखी आधीच कंटाळलेली बाई ते कपाटात टाकून मोकळी होईल. सेलच्या घड्याळाचा सेकंदकाटा एक दिवस चार-चार सेकंदांच्या उड्या मारायला लागला तर घाबरू नकोस, बऱ्याच घड्याळांत ती सेल संपत आल्याची खूण असते. लगेच बदलून घे. संपलेला सेल आत राहिला तर गळतो आणि मशीन खातो.

पट्टा हाच सगळ्यात मोठा निर्णय. चामड्याचा सुंदर दिसतो, पण कोपरखैरण्याच्या हवेत जून ते सप्टेंबर तो कुबट वास मारतो, कपाटात ठेवला तर बुरशी धरतो. ऑक्टोबरनंतर हौसेने घाल. सिलिकॉनचा हलका आणि धुता येतो, पण त्याला धूळ, कणकेचं पीठ, ओढणीचे तंतू सगळं चिकटतं. मी तुझ्यासाठी विणलेल्या नायलॉनचा निवडेन, त्यातही तो एकसंध लांब पट्टा असतो ना, डायलच्या पाठीखालून आरपार जाणारा, तो. कातडी आणि झाकण यांच्यामध्ये कापड येतं. त्याचं बकल तेवढं बघून घे, तेही धातूचंच असतं. घामाने भिजला की रात्री साबणाच्या पाण्यात बुचकळून दोरीवर टाकायचा. असे दोन ठेव, महाग नसतात. पट्टा घेताना घड्याळाच्या दोन टोकांमधली फट मोजून ने, बारा, चौदा, सोळा अशा मिलिमीटरच्या मापात मिळतात, एक मिलिमीटर चुकला तरी बसत नाही किंवा खुळखुळतो. धातूचंच हवं असेल तर टायटॅनियम. स्टीलहून चाळीसेक टक्के हलकं आणि निकेलचा त्रास असणाऱ्यांना सहसा मानवतं, पण खिसा हलका करतं.

माप दुपारी घे. सकाळी मनगट बारीक असतं, दिवस चढतो तसं फुगतं, एप्रिल-मेमध्ये तर चांगलंच. सकाळी सातला घट्ट बसवलेला पट्टा दुपारी तीनला कातडीत रुततो आणि तू तो सोडून ड्रॉवरमध्ये टाकशील. पट्ट्याखालून एक बोट सरकलं पाहिजे, दोन नकोत. आणि घड्याळ ठेव कुठे? करंगळीच्या बाजूला मनगटावर ते हाड वर आलेलं असतं, त्याच्या मागे, कोपराकडच्या अंगाला. बहुतेक जणी ते हाडाच्या पुढे, अगदी तळहाताच्या सांध्यावर घालतात. मग हात वळला की चावी, म्हणजे ते बाजूचं गोल बटण, हाताच्या पाठीत टोचतं. टाइप करताना तुला टोचत असेल तर ते हेच. नुसतं दोन बोटं मागे सरकवून बघ. जुन्या बायका डायल मनगटाच्या आतल्या बाजूला घालायच्या, माझी आईही घालायची. पिशवी उचललेली असताना वेळ दिसते आणि काचेला भिंतीचे धक्के लागत नाहीत. पण कीबोर्डवाल्यांनी ते करू नये, टेबलावर काच घासते.

सहीवरून धरते की तुझ्या हातात बांगड्या असतात. मग त्याच हातात घड्याळ नको. आपल्याला काळजी वाटते घड्याळाची, आणि ओरखडे पडतात पाटलीवर. बावीस कॅरटचं सोनं मऊ, स्टील कडक. माझ्या डाव्या पाटलीची एक कड त्यापायी अशी घासली गेली आहे की सोनाराने विचारलं, ही कशावर घासता? बांगड्या एका हातात, घड्याळ दुसऱ्या. दोन्ही हातांत काचेच्या बांगड्या घालायचीच तुमच्याकडे रीत असेल तर घड्याळ बांगड्यांच्या मागे, वरच्या बाजूला घाल आणि पट्टा कापडाचा ठेव.

राहिलं स्वयंपाकघर. तुझ्या सासूबाईंचा प्रश्न तुला टोमणा वाटला, मला तो अगदी बरोबर वाटतो. घरात कशाला घालतेस? रोज घालणं म्हणजे चोवीस तास घालणं नव्हे. आमचे वडील ऑफिसातून आले की आधी घड्याळ काढून कोनाड्यात ठेवायचे, मग पाय धुवायचे. कोनाड्यात घड्याळ दिसलं की आम्हाला कळायचं बाबा आले. कणीक मळताना, भांडी घासताना, आंघोळीला घड्याळ नकोच. घड्याळावर ‘३० मीटर’ लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नकोस, ते प्रयोगशाळेतल्या दाबाचं माप आहे, पाण्यात बुडवायची परवानगी नव्हे. त्याचा अर्थ हात धुताना उडालेले शिंतोडे चालतील, एवढाच. ५० असेल तर स्टेशन ते ऑफिस पावसात भिजलेलं सोसेल. पोहायचं असेल तर १०० हवं. काचेच्या आत वाफ धरली तर फोनसारखं तांदळाच्या डब्यात पुरू नकोस, त्याच दिवशी घड्याळजीकडे ने, उशीर केलास तर आत गंज धरतो.

सापडत नाही याचं कारण तू दर वेळी जिथे उभी असतेस तिथे काढून ठेवतेस. फ्रिजवर, मिक्सरमागे, बेसिनच्या कडेला. दाराशी किल्ल्या अडकवायचा हुक असेल ना? त्याच्या खाली एक वाटी ठेव, वापरात नसलेली कुठलीही. रेल्वेचा पास, ऑफिसचं कार्ड, घड्याळ, तिन्ही त्या वाटीत. बाहेर पडताना घालायचं, आत आल्यावर चपलेबरोबर काढायचं. दिवसातून एकदा घाल आणि एकदा काढ, मधे हात लावू नकोस. ऑफिसात पट्टा सैल करून बघणं, काढून कीबोर्डशेजारी ठेवणं बंद. आता ते हलकं आणि मापाचं असेल, त्यामुळे जमेल. पहिले तीन-चार दिवस हातावर काहीतरी आहे असं सारखं वाटेल. पहिली अंगठी घातली तेव्हा किती दिवस ती बोटात फिरवत होतीस ते आठव.

आणि आता तो कहर, घड्याळ हातात आणि नजर फोनमध्ये. अगं, तू वेळ बघायला फोन काढतच नाहीस. फोन बघायचा असतो, वेळ हे निमित्त. रील्स बघून फोन आत ठेवल्यावर स्वतःला विचार, किती वाजले? सांगता येत नाही, हो ना? मीही करते, म्हणून माहीत. तेव्हा फोन बघायचा असेल तर खुशाल बघ, पण वेळेच्या नावावर नको. गाडीत चढलीस की तो पर्सच्या चेनच्या कप्प्यात टाक, वरच्या नाही, आतल्या. कोपरखैरणे ते ठाणे वीसेक मिनिटं. घणसोली, रबाळे, ऐरोली, दिघा गाव, ठाणे. प्रत्येक स्टेशन आलं की आधी मनात अंदाज कर, नऊ-बारा झाले असतील, आणि मग घड्याळ बघ. पहिल्या दिवशी पाच मिनिटांनी चुकशील. आठवड्यात एका मिनिटावर येशील, आणि पुढे पुढे ऐरोली जवळ आली की मान आपोआप मनगटाकडे वळेल. पंधरा दिवस एवढंच कर. मला हा नाद आमच्या शाखेतल्या एका शिपायाने लावला होता, तो वर न बघता भिंतीवरच्या घड्याळाची वेळ सांगायचा आणि चहाची पैज जिंकायचा.

एक चूक मात्र हमखास करशील, म्हणून आधीच सांगते. आपल्या घरांत स्वयंपाकघरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे असतंच. गाडी चुकू नये म्हणून. कुणाचं सात, कुणाचं बारा, आणि घरातला प्रत्येक जण मनातल्या मनात वजाबाकी करत असतो. या शहराला दोन वेळांची जुनीच खोड आहे म्हणा. १९०६ च्या १ जानेवारीपासून देशासाठी एकच वेळ ठरली, तरी मुंबईने आपली जुनी ‘बाँबे टाइम’ १९५५ पर्यंत सोडली नाही, आणि दोन्हींत तब्बल ३९ मिनिटांचं अंतर. हातातलं घड्याळ मात्र असं पुढे लावू नकोस. ते पुढे असलं की ‘खरे किती वाजले?’ म्हणून तू पुन्हा फोन काढशील, आणि सगळं मुसळ केरात. महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारी म्हण, मिनिटाला मिनिट लावून घे. सेलचं घड्याळ महिन्यात पंधरा-वीस सेकंदांहून जास्त सहसा चुकत नाही, तेवढ्यावर पुरतं.

ऑफिसातल्या त्या ‘नवीन घड्याळ वाटतं’वालीचं फार मनावर घेऊ नकोस. तिने एकदा म्हटलं आणि ती विसरली, तू सहा महिने हात लपवते आहेस. हात लपवल्यामुळेच लोक बघतात. पुन्हा कुणी म्हटलं तर ‘हो, मीच निवडलं’ म्हण. आणि बघ, एखाद्या दिवशी ठाण्याला नऊ-दहा नंबरवर उभी असताना शेजारची अनोळखी बाई, हातात दोन पिशव्या आणि कडेवर मूल, तुला विचारेल, ‘ताई, किती वाजले?’ फोन तिच्याकडेही असेलच, पण तो काढायला हात कुठे आहे? तू मान खाली घालून सांगशील, आणि मग घरी आल्यावर मला कळव.

तुझी काकू

ता. क. दुकानदाराने काढलेल्या त्या पाच कड्या कुठे आहेत? बहुतेक घड्याळाच्या खोक्यात उशीखाली असतील, नाहीतर दुकानातच राहिल्या. आजच शोध. नवऱ्याच्या हातावर ते घड्याळ बसवायचं तर त्या लागतील, आणि सुट्या कड्या नंतर सहजासहजी मिळत नाहीत. सापडल्या की बारीक प्लॅस्टिकच्या पिशवीत घाल, त्यांच्या पिनांसकट.